एकाच नावाची दोन फंक्शनं आणि लाइव्हपॅच: तो आकडा कुठून आणायचा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका सिस्टीम टीमचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: त्यांना चालू लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, मशीन रीबूट न करता, एक छोटी दुरुस्ती घालायची आहे; याच सोयीला लाइव्हपॅच म्हणतात. बदल एफएस/नेमस्पेस.सी या फाइलमधल्या ‘एम_शो’ फंक्शनमध्ये आहे. लाइव्हपॅचचं मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता येणारा कोडचा तुकडा, लोड करताना कर्नलनं नकार दिला आणि लॉगमध्ये संदेश टाकला, ‘अनरिझॉल्व्हेबल अँबिग्युइटी फॉर सिम्बॉल एम_शो इन ऑब्जेक्ट व्हीएमलिनक्स’, म्हणजे मुख्य कर्नलच्या फाइलमध्ये (व्हीएमलिनक्स) एम_शो हे नाव एकाहून जास्त वेळा आहे, त्यातलं कोणतं ते ठरवता येत नाही. टीममधल्या एकानं ‘ओल्ड_सिमपॉस’ (सारख्या नावांतलं कितवं, ते सांगणारा आकडा; पुढे नुसतं सिमपॉस) या फील्डमध्ये २ टाकलं आणि मॉड्यूल मुकाट लोड झालं. आता ते विचारतात की हे बरोबर झालं का, हेच मॉड्यूल महापेच्या डेटा सेंटरमधल्या सगळ्या मशीनवर टाकावं का, आणि एकाच नावाची दोन फंक्शनं होती तर कर्नल बांधताना लिंकरनं, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामनं, तेव्हाच का अडवलं नाही.

आधी थेट उत्तर. तुमच्या त्या एका बिल्डवर २ हा आकडा बहुधा बरोबर आहे. पण मॉड्यूल लोड झालं, एवढ्यावरून तो बरोबर ठरत नाही. आणि सगळ्या मशीनवरचं कर्नल अगदी त्याच बिल्डचं आहे, हे बिल्ड आयडी (प्रत्येक बिल्डची वेगळी ओळखखूण) ताडून पाहिल्याशिवाय महापेला काहीही पाठवू नका.

आता शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. सी भाषेत फंक्शनला ‘स्टॅटिक’ लावलं की ते नाव त्या फाइलपुरतं उरतं. ऑब्जेक्ट फाइलच्या, म्हणजे एका सोर्स फाइलपासून कंपाइल झालेल्या तुकड्याच्या, सिम्बॉल टेबलात (फंक्शनं आणि व्हेरिएबल यांच्या नावांची यादी) त्याची नोंद होते, पण ‘लोकल’ म्हणून. लिंकर नावं जुळवतो ती फक्त ‘ग्लोबल’ (सगळ्या फाइलींना दिसणाऱ्या) आणि ‘वीक’ (दुसरी व्याख्या मिळाली तर मागे हटणाऱ्या) सिम्बॉलची. लोकल सिम्बॉल कितीही सारख्या नावांचे असोत, तो ते एकापाठोपाठ एक अंतिम टेबलात ठेवून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीनं तिथे भांडण नाहीच, कारण प्रत्येक फाइलमधला कॉल आपापल्या एम_शोला कधीच बांधला गेलेला असतो. भांडण सुरू होतं ते नंतर, जेव्हा बाहेरचं कुणीतरी चालू कर्नलला नुसत्या नावानं विचारतं, ‘एम_शो कुठे आहे?’

लिनक्समध्ये अशी नावं ढिगानं आहेत आणि त्यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. प्रॉक फाइलसिस्टीममधली (ती कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवते) ओळींची यादी छापायला ‘सेक्_फाइल’ नावाची सोय आहे. तिला स्टार्ट, नेक्स्ट, स्टॉप, शो अशी चार फंक्शनं द्यावी लागतात, आणि प्रत्येक लेखक त्यांना एक अक्षर जोडून नावं देतो. मॉड्यूलांची यादी छापणाऱ्या कोडनं ‘एम’ घेतलं, माउंटची, म्हणजे जोडलेल्या फाइलसिस्टीमांची, यादी छापणाऱ्यानंही ‘एम’च घेतलं. म्हणून एम_शो दोनदा येतं: एकदा कर्नल/मॉड्यूल/प्रॉकएफएस.सी मध्ये, एकदा तुमच्या एफएस/नेमस्पेस.सी मध्ये. एम_स्टार्ट तर तीनदा येतं, कारण प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा छापणाऱ्या टास्क_एमएमयू.सी मध्येही ते आहे. ही फंक्शनं पॉइंटरमार्फत बोलावली जातात, त्यामुळे कंपायलर त्यांना इनलाइन करून, म्हणजे त्यांचा कोड बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच ओतून, गायब करू शकत नाही. ती सिम्बॉल टेबलात हमखास उरतात. डिव्हाइसच्या फाइलींसाठी लिहिलेल्या नेम_शो, स्टेट_शो या मंडळींचीही तीच गोष्ट.

ग्लोबल नावांची टक्कर मात्र लिंकर खपवून घेत नाही, ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून तिथेच थांबतो. यात एक पळवाट अनेक वर्षं होती. फाइलमध्ये किंमत न देता जाहीर केलेला ग्लोबल व्हेरिएबल जीसीसी हा कंपायलर ‘कॉमन’ मानायचा आणि लिंकर अशा दोन व्याख्या गुपचूप एक करायचा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ती सवलत मूळ सेटिंगमध्ये बंद झाली. कर्नलच्या झाडातलाच डिव्हाइस ट्री कंपायलर तेव्हा ‘वायवायलॉक’ या व्हेरिएबलच्या दोन व्याख्यांमुळे बांधला जाईना. जुनी कर्नलं नव्या कंपायलरवर बांधताना ती चूक आजही भेटते. अशा वेळी लिंकरला दुहेरी व्याख्या चालवून घ्यायला सांगणारा पर्याय शोधून लावू नका. त्यानं पहिली व्याख्या राहते आणि दुसरी काहीही न सांगता टाकली जाते. तुमचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर बाहेर लागत नाही ते सगळं स्टॅटिक करा, आणि लागतं त्याला ड्रायव्हरचं नाव पुढे जोडा. एक्स्पोर्ट केलेल्या सिम्बॉलसाठी ५.४ पासून नेमस्पेस आहेत, पण त्यांनी नाव बदलत नाही. दोन वेगळ्या नेमस्पेसमध्ये एकच नाव एक्स्पोर्ट करता येत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

आता लाइव्हपॅचकडे. ही सोय मुख्य कर्नलमध्ये २०१५ साली ४.० पासून आहे. रेड हॅटचं केपॅच आणि सुसेचं केग्राफ्ट अशा दोन वेगळ्या प्रयत्नांचा गाभा तिच्यात एकत्र आला. काम साधं आहे: जुन्या फंक्शनच्या तोंडाशी एफट्रेस या कर्नलच्या ट्रेसिंग सोयीची जागा राखलेली असते, तिथून कॉल वळवून नव्या फंक्शनवर न्यायचा. जुनं फंक्शन ओळखायला तुम्ही देता तीन गोष्टी: ऑब्जेक्ट, म्हणजे व्हीएमलिनक्स किंवा एखादं मॉड्यूल, ‘ओल्ड_नेम’, आणि ४.५ पासून ‘ओल्ड_सिमपॉस’. सिमपॉस शून्य ठेवला तर त्याचा अर्थ ‘या ऑब्जेक्टमध्ये हे नाव एकदाच असलं पाहिजे, नसेल तर पॅच नको’ असा होतो. १ किंवा पुढचा आकडा दिला तर कर्नलच्या कॉलसिम्स टेबलात (सिम्बॉलांची नावं आणि पत्ते), त्या ऑब्जेक्टपुरतं मोजून, त्या क्रमांकाला येणारं नाव उचललं जातं.

म्हणजे तुम्हाला मिळालेला नकार हे कर्नलचं चोख काम होतं. त्यानं अंदाज बांधला नाही, तुम्हाला विचारलं. आकडा टाकल्यावर तो पुन्हा विचारत नाही. २ नंबरला कोणतं फंक्शन आहे, ते कोणत्या फाइलचं आहे, त्याचे पॅरामीटर काय आहेत, यातलं काहीही तो तपासत नाही. आकडा एकूण संख्येपेक्षा मोठा असेल तरच ‘त्या क्रमांकावर सिम्बॉल सापडला नाही’ म्हणून अडवतो. दोन एम_शो असतील तर १ आणि २ दोन्ही त्याला सारखेच मान्य.

समजा सहकाऱ्यानं २ ऐवजी १ टाकला असता, तर काय झालं असतं ते नीट पाहा, कारण हे उदाहरण फार बोलकं आहे. दोन्ही एम_शोंची घडण सारखी आहे: सेक्_फाइलचा पॉइंटर आणि एक व्हॉइड पॉइंटर घ्यायचा, पूर्णांक परत करायचा. त्यामुळे कंपायलर, लिंकर, लोडर, कुणालाच काही खटकणार नाही. तुमचं माउंटसाठी लिहिलेलं फंक्शन मॉड्यूलांच्या यादीवर बसेल. ते पहिल्याच ओळीत सेक्_फाइलमधला ‘प्रायव्हेट’ पॉइंटर घेऊन त्याला माउंटची माहिती समजेल आणि त्यातलं शो फंक्शन बोलवायला जाईल. मॉड्यूलांच्या फाइलसाठी मात्र, रूटनं ती उघडली असेल तर, तो पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, असतो. पॅच लोड होईल, मशीन मजेत चालत राहील, मॉनिटरिंग हिरवं दिसेल. मग कुणीतरी नेहमीच्या तपासणीसाठी एलएसमॉड (मॉड्यूलांची यादी दाखवणारी कमांड) चालवेल आणि कर्नल ऊप्स होईल, म्हणजे गंभीर चूक होऊन अडखळेल. तितका वेळ मूळ दोष जसाच्या तसा उघडा राहील, आणि नोंदवहीत मात्र ‘पॅच लावला’ असं लिहिलेलं असेल. घडण सारखी नसलेल्या फंक्शनांत याहून वाईट होतं, कारण रजिस्टरमधल्या किमती चुकीच्या अर्थानं वाचल्या जातात आणि कुठली मेमरी बिघडेल ते सांगता येत नाही.

म्हणून माझं सगळं म्हणणं एका मुद्द्यावर आहे. सिमपॉस ही त्या फंक्शनची ओळख नसून एका ठरावीक बिल्डमधली त्याची जागा आहे. ठाण्यात एखाद्या रस्त्यावर तीन ‘साईकृपा’ सोसायट्या असतात. ‘स्टेशनकडून दुसरी साईकृपा’ हा पत्ता आज बरोबर असतो. मध्ये एका इमारतीचा पुनर्विकास होऊन तिचं नावही साईकृपा ठेवलं की तोच पत्ता वेगळ्या दारात नेतो, आणि पत्ता लिहिणाऱ्याला काही कळतही नाही.

कर्नलमध्ये मधली इमारत कशी उभी राहते? व्हीएमलिनक्ससाठी कॉलसिम्स पत्त्याच्या चढत्या क्रमानं मोजतो. साध्या बिल्डमध्ये हा क्रम लिंकिंगच्या क्रमावरून येतो: आर्किटेक्चरचा भाग, मग कर्नल, मग एमएम, मग एफएस, मग आयपीसी, सिक्युरिटी, क्रिप्टो असं पुढे. कर्नल डिरेक्टरी एफएसच्या आधी येते, म्हणून मॉड्यूलवालं एम_शो पहिलं आणि माउंटवालं दुसरं. तुमच्या २ ला मी बहुधा बरोबर म्हटलं ते याच आधारावर. पण उद्या एमएममध्ये कुणी नवं स्टॅटिक एम_शो लिहिलं की तुमचं तिसरं होतं. एखादा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून न बांधता कर्नलच्या पोटातच बांधला की त्याची सगळी लोकल नावं व्हीएमलिनक्सच्या मोजणीत येतात. कॉन्फिगमधला एक पर्याय बदलूनही आकडे सरकतात.

यात आणखी एक बारकावा आहे, जो ग्रेप कमांडनं ओळी शोधून मोजणाऱ्यांना हमखास चकवतो. लाइव्हपॅचची मोजणी फक्त फंक्शनांची नसते. लाइव्हपॅच चालायला कॉलसिम्समध्ये सगळे सिम्बॉल असणं सक्तीचं आहे, म्हणजे व्हेरिएबलही त्यात आले. नाव जुळलं की नोंद मोजली, प्रकार कुठलाही असो. त्यामुळे यादीतल्या फक्त ‘टी’ (फंक्शन) खुणेच्या ओळी मोजल्या आणि त्याच नावाचा एखादा डेटा सिम्बॉल मध्ये असला तर आकडा चुकला. नाव तंतोतंत जुळणाऱ्या सगळ्या ओळी मोजायच्या, आणि चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव असलेल्या ओळी व्हीएमलिनक्सच्या मोजणीतून वगळायच्या.

मॉड्यूलमधलं फंक्शन पॅच करायचं असेल तर मोजणीची रीतच बदलते. तिथे क्रम पत्त्याचा नाही, मॉड्यूलच्या फाइलमधल्या (ईएलएफ साच्यातल्या) सिम्बॉल टेबलात नोंदी ज्या क्रमानं आहेत तो. एनएम (सिम्बॉल छापणारी कमांड) पत्त्यानुसार लावून मोजला तर व्हीएमलिनक्ससाठी योग्य आणि मॉड्यूलसाठी अयोग्य. मॉड्यूलसाठी क्रम न बदलता छापणारा पर्याय वापरा, नाहीतर सरळ रीडएल्फ (ईएलएफ फाइल वाचून दाखवणारी कमांड). आणि सुरुवातीचं काम झाल्यावर फेकून दिलेल्या, मॉड्यूलच्या इनिट भागातले सिम्बॉल चालू मशीनवर मोजणीत नसतात, हेही लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष आकडा कसा काढायचा. त्या बिल्डचं डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स हातात पाहिजे. ते जपून ठेवत नसाल तर लाइव्हपॅचच्या वाटेला जाऊच नका. त्यावर एनएम पत्त्याच्या क्रमानं चालवा आणि एम_शोच्या सगळ्या ओळी काढा. प्रत्येक पत्ता अ‍ॅड्र-टू-लाइनला द्या. तो फाइल आणि ओळ सांगेल. एफएस/नेमस्पेस.सी ज्या पत्त्याला आलं, तो वरून कितवा आहे, तो तुमचा सिमपॉस. चालू मशीनवरचे पत्ते केएएसएलआरमुळे (बूटच्या वेळी कर्नल दरवेळी वेगळ्या जागी ठेवण्याची सोय) वेगळे दिसतील, त्यानं गोंधळू नका: सगळा कर्नल एकसारखा सरकतो, आतला क्रम तोच राहतो.

डीबग माहिती नसेल तर दुसरा मार्ग सिम्बॉल टेबलातल्या ‘फाइल’ नोंदींचा. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलचे लोकल सिम्बॉल तिच्या फाइल-नोंदीच्या खाली सलग येतात. पण तिथे सहसा नुसतं फाइलचं नाव असतं, डिरेक्टरी नसते. आणि तुमच्या बाबतीत नेमकी पंचाईत अशी की नेमस्पेस.सी नावाच्या फाइलीही एकाहून जास्त आहेत. एफएसमध्ये एक, आयपीसीमध्ये एक. एनएफएस क्लायंट पोटात बांधला असेल तर त्याची वेगळी. म्हणजे ओळख पटवणारी खूणच पुन्हा दुहेरी. मग शेजारी बघायचे: ज्या नेमस्पेस.सी खाली एम_स्टार्ट, एम_नेक्स्ट, एम_स्टॉप दिसतात ती एफएसची; जिच्या खाली फ्री_आयपीसी आणि आयपीसीएनएस_गेट दिसतात ती आयपीसीची. केपॅचचं मॉड्यूल बांधणारं हत्यार, केपॅच-बिल्ड, आतून हेच करतं. बदललेल्या ऑब्जेक्ट फाइलमधले सगळे लोकल सिम्बॉल घेऊन तो अख्खा संच ज्या फाइल-नोंदीखाली जुळतो ती शोधतं, आणि एकही जुळली नाही किंवा दोन जुळल्या तर बिल्ड थांबवतं. ही पद्धत मला फार पटते, कारण एकट्या नावापेक्षा शेजाऱ्यांचा संच जास्त भरवशाचा असतो. म्हणूनच माझा आग्रह: सिमपॉस हातानं लिहू नका, केपॅच-बिल्ड किंवा कर्नलच्या झाडात आता आलेल्या केएलपी-बिल्डकडून काढून घ्या, आणि वर सांगितलेली मोजणी फक्त त्याच्यावर नजर ठेवायला करा.

हातानं लिहिणाऱ्यांचं लक्ष ओल्ड_सिमपॉसवरच असतं आणि दुसरी जागा सुटते. तुमचं नवं फंक्शन आतून इतर स्टॅटिक फंक्शनं आणि व्हेरिएबल वापरतं. ती मॉड्यूलला एक्स्पोर्ट केलेली नसतात, म्हणून लाइव्हपॅचची खास रीलोकेशन (लोड होताना पत्ते भरण्याच्या नोंदी) लागतात. त्यांच्या सिम्बॉलचं नाव ठरावीक साच्यात असतं: ‘केएलपी.सिम’, मग ऑब्जेक्ट, मग मूळ नाव, मग स्वल्पविराम आणि क्रमांक. तो क्रमांक म्हणजे पुन्हा सिमपॉसच, आणि त्यालाही तेच सगळे नियम. पॅच बरोबर फंक्शनवर बसला पण आतून चुकीच्या नावबंधूला बोलावतोय, ही चूक शोधायला जास्त कठीण. तयार मॉड्यूलवर रीडएल्फ चालवून हे सगळे सिम्बॉल डोळ्यांखालून घाला. जिथे आकडा शून्य नाही, ती प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे ताडून पाहा. फार ओळी नसतात.

कंपायलरची करणी हा वेगळा अध्याय आहे. जीसीसी स्टॅटिक फंक्शनचे पॅरामीटर बदलतो तेव्हा नावाला ‘.आयएसआरए.०’, एखादा पॅरामीटर ठरावीक किमतीचा निघाला तर ‘.कॉन्स्टप्रॉप.०’, तुकडा कापला तर ‘.पार्ट.०’ अशी शेपटं लावतो. ओल्ड_नेममध्ये मूळ नाव दिलं तर सिम्बॉल सापडत नाही, आणि शेपटासकट दिलं तर त्या शेपटाची नेमकी घडण तुमच्या नव्या फंक्शनला पाळावी लागते. अशा वेळी त्या फंक्शनला न शिवता त्याला बोलावणाऱ्या, धड नाव असलेल्या फंक्शनवर पॅच बसवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. फंक्शनच्या आतल्या स्टॅटिक व्हेरिएबलना लागणारे आकडे तर दर कंपाइलला बदलू शकतात, त्यामुळे जुना आणि नवा जोडीनं ओळखण्याचं काम हत्यारावर सोडावं.

हेडरमधल्या ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शनांबाबत मात्र विचार उलटा करायचा. कंपायलरनं ती इनलाइन केली नाहीत तर ती वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये एक प्रत उरते. नेटवर्किंगमधलं डीएसटी_आउटपुट हे त्यातलं नेहमी भेटणारं. इथे ‘कुठली प्रत पॅच करू?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. दोष हेडरमध्ये असेल तर सगळ्या प्रती सदोष आहेत, आणि ज्या फंक्शनांत तो कोड इनलाइन झाला तीही. प्रत्येक प्रतीला तिच्या सिमपॉससह वेगळी नोंद, आणि इनलाइन झालेल्या प्रत्येक फंक्शनची नवी आवृत्ती. एक प्रत पॅच करून निर्धास्त होणारे लोक मी पाहिलेत. सुरक्षा दुरुस्तीत ते परवडत नाही.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या थिन एलटीओनं (जोडणीच्या वेळचं ऑप्टिमायझेशन) बांधलेल्या कर्नलमध्ये लोकल नावं कधी ग्लोबल होतात आणि त्यांना ‘.एलएलव्हीएम.’ व एक हॅश जोडला जातो. ते शेपूट तुमच्या आवृत्तीचा कॉलसिम्स तसंच ठेवतो की छाटतो, हे आवृत्तीनुसार बदललेलं आहे. आधी ते पाहा. बूटच्या वेळी फंक्शनांचाच क्रम पिसणाऱ्या एफजीकेएएसएलआरचा प्रस्ताव आला तेव्हा तर सिमपॉसचा पायाच निघाला होता. त्यावर उतारा म्हणून जीएनयूच्या लिंकरला, सारख्या लोकल नावांना आकडा जोडून ती वेगळी करण्याचा पर्याय मिळाला. तो प्रस्ताव मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. जोडलेला आकडाही बिल्डगणिक बदलू शकतो, त्यामुळे माझ्या मते त्यानं मूळ दुखणं फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलं असतं. २०२३ मध्ये दुहेरी नावांना फाइल आणि ओळ क्रमांकाचं टोपणनाव द्यावं असाही एक प्रस्ताव होता. दिशा मला योग्य वाटते, कारण फाइल ही खरी ओळख आहे. पण तुमच्या आजच्या मशीनवर ते नाही.

नावांवर विसंबणारी दुसरी हत्यारंही याच कारणानं फसवतात, आणि दुरुस्तीआधी तपास करताना तुम्ही ती वापरणारच. केप्रोबला (चालू कर्नलमध्ये तपासबिंदू बसवणारी सोय) नुसतं नाव दिलं तर पूर्वी तो पहिलं सापडेल त्यावर निमूट बसायचा. २०२३ च्या अखेरीपासूनच्या कर्नलमध्ये नाव एकाहून जास्त ठिकाणी जुळलं तर तो त्रुटी देतो. एफट्रेसच्या फिल्टरमध्ये एम_शो लिहिलं तर दोन्ही एम_शो फिल्टरमध्ये येतात. ट्रेसमध्ये एम_शो दिसलं म्हणून ते तुमचंच असं धरू नका.

आता महापेचा प्रश्न. तुमच्या मनात असेल की मॉड्यूल चुकीच्या कर्नलवर गेलं तर व्हरमॅजिक, म्हणजे मॉड्यूलमधली आवृत्तीची खूण, अडवेलच. तो आवृत्तीची अक्षरं आणि थोडे पर्याय पाहतो, एवढंच. त्याच आवृत्तीचं नाव ठेवून कुणी कर्नल पुन्हा बांधला, कंपायलर बदलला, एक ड्रायव्हर पोटात घेतला, तरी व्हरमॅजिक तसाच राहतो. ऐरोलीच्या एका ग्राहकाकडे मी हे जवळून पाहिलं आहे. मशीनच्या दोन तुकड्या होत्या, यूनेम (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) दोन्हीकडे अक्षरशः एकच उत्तर देत होता. एका तुकडीचा कर्नल पुरवठादारानं स्टोरेज ड्रायव्हर पोटात घालून बांधून दिला होता. त्यात एका शो फंक्शनचा क्रमांक एकानं सरकला होता. चाचणी दोन्ही तुकड्यांच्या एकेका मशीनवर केली म्हणून ते दिसलं. फक्त पहिल्या तुकडीवर केली असती तर दिसलं नसतं.

खरी खूण बिल्ड आयडी. लिंकर तो व्हीएमलिनक्समध्ये नोंदवतो; हातातल्या फाइलमधून रीडएल्फनं वाचता येतो आणि चालू मशीनवर सिस्एफएसमधल्या (प्रॉकसारखीच फाइलसिस्टीम) कर्नलच्या ‘नोट्स’ फाइलमध्ये मिळतो. ज्या बिल्ड आयडीवरून सिमपॉस काढला, तो लाइव्हपॅचच्या पॅकेजमध्ये लिहून ठेवा आणि लोड करणाऱ्या स्क्रिप्टला आधी तुलना करायला लावा. जुळला नाही तर लोड नाही, आणि हातानं लोड करायला वेगळी पळवाटही ठेवू नका. रात्री अडीचला फोन आल्यावर ती वापरायचा मोह कुणालाही होतो.

लोड झाल्यावरची खात्रीही नीट समजून घ्या. सिस्एफएसमध्ये लाइव्हपॅचच्या डिरेक्टरीत ‘एम_शो,२’ असं दिसेल. ते पाहून बरेच जण समाधानी होतात, पण ते तुम्हीच दिलेल्या आकड्याचा पुनरुच्चार आहे. एफट्रेसच्या एनेबल्ड_फंक्शन्स फाइलमध्येही सहसा नावच दिसतं. पुरावा हवा तर चाचणी मशीनवर ड्रगनसारख्या हत्यारानं चालू मेमरीतून दोन्ही एम_शोंच्या तोंडाचे बाइट वाचा. डिस्कवरच्या व्हीएमलिनक्समधून वाचू नका, तिथे बदल दिसणार नाही. एक्स८६ वर, ट्रेसिंग चालू नसताना, ज्या फंक्शनला पॅच लागलेला नाही त्याच्या तोंडाशी पाच बाइटांची नॉप (काहीच न करणारी सूचना) असते. आयबीटी (प्रोसेसरचं चुकीच्या उड्यांपासूनचं संरक्षण) चालू असेल तर तिच्या आधी चार बाइटांची एंडब्रांच सूचना. जिथे लाइव्हपॅच बसला तिथे त्या नॉपच्या जागी कॉल असतो. कॉल एफएस/नेमस्पेस.सीच्या पत्त्यावर आणि नॉप मॉड्यूलवाल्या पत्त्यावर दिसली पाहिजे, दोन्ही. मग वागणूक तपासा: माउंटची यादी वाचा, दुरुस्तीनं जे बदलायला हवं ते बदललं का पाहा, आणि त्याच बैठकीत एलएसमॉडही चालवा. ज्या नावबंधूला हात लागायला नको होता तो शाबूत आहे, हे तपासणं चाचणीचा भाग धरा. हे सगळं ट्रान्झिशन (सगळ्या प्रोसेस नव्या कोडवर जाणं) पूर्ण झाल्यावर, म्हणजे लाइव्हपॅचच्या ‘ट्रान्झिशन’ फाइलमध्ये ० दिसल्यावर; तोवर काही प्रोसेस जुन्याच कोडवर असू शकतात आणि निकाल फसवा येतो.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. आज महापेच्या सगळ्या मशीनचे बिल्ड आयडी गोळा करा. बहुधा एकाहून जास्त निघतील. प्रत्येक वेगळ्या बिल्ड आयडीसाठी त्याचंच व्हीएमलिनक्स घेऊन मॉड्यूल पुन्हा बांधा, हत्यारानं दिलेला सिमपॉस अ‍ॅड्र-टू-लाइननं ताडा, आणि त्या प्रकारच्या एका मशीनवर वरची बाइटांची तपासणी करा. सहकाऱ्यानं हातानं २ टाकलेलं मॉड्यूल ज्या मशीनवर आत्ता चालू आहे, तिथेही हीच तपासणी लावा. माउंटवाल्या पत्त्यावर कॉल दिसला तर ते मशीन तसंच चालू द्या. मॉड्यूलवाल्या पत्त्यावर दिसला तर आधी लाइव्हपॅचच्या ‘एनेबल्ड’ फाइलमध्ये ० लिहून तो बंद करा, ट्रान्झिशन संपेपर्यंत थांबा, आणि तोवर त्या मशीनवर कुणालाही एलएसमॉड चालवू देऊ नका. मॉनिटरिंगचा एजंट प्रॉकमधली मॉड्यूलांची यादी वाचत असेल तर तोही तेवढ्यापुरता थांबवा.